दुसऱ्या संघाच्या बाकावरचं गुणी पोर कुणी विकत का घेत नाही? (एनएफएल)

रविवार_रात्र

मंडळी, दर सीझनला डोक्यात येणारा प्रश्न एकदाचा इथे टाकतो. धागा अमेरिकन फुटबॉलबद्दल आहे, मेस्सीवाल्यांनी राग मानू नये.

एनएफएलमध्ये ३२ संघ, प्रत्येकाकडे ५३ जण. आक्रमणाचे अकरा, बचावाचे अकरा सुरुवातीला उतरतात. उरलेल्यांपैकी काही आलटून पालटून खेळतात, बरेचसे स्पेशल टीम्सवर (किकच्या वेळी उतरणारा संघ) चार-पाच प्ले खेळून परत बाकावर. त्यात दरवर्षी दोन-चार पोरं अशी असतात की कॉलेजात गाजलेली, ड्राफ्टच्या (कॉलेजच्या पोरांची दरवर्षीची फेऱ्याफेऱ्यांनी निवड) दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत निवडलेली, पण पुढे एखादा ऑल-प्रो (सीझनच्या सर्वोत्तमांतला) बसलाय म्हणून संधीच नाही. आणि त्याच वेळी दुसऱ्या कुठल्यातरी संघाचा लेफ्ट गार्ड (पुढच्या संरक्षक लाइनमधला) दर रविवारी आपल्या क्वार्टरबॅकला (पास फेकणारा मुख्य खेळाडू) जमिनीवर आपटवून घेत असतो. फोन उचलायचा, एक पिक (ड्राफ्टमध्ये निवड करण्याचा हक्क) द्यायचा, पोर आणायचं. इतकं सोपं असून होत का नाही?

आमच्या ऑफिसच्या फँटसी लीगमध्ये (डायनॅस्टी प्रकार, म्हणजे खेळाडू वर्षानुवर्षं आपल्याकडेच राहतात) सगळ्यात जास्त घासाघीस याच पोरांवरून होते. खऱ्या लीगमध्ये मात्र ट्रेड म्हटला की एकतर नाराज स्टार, नाहीतर तिशी ओलांडलेला पास रशर (क्वार्टरबॅकवर धावून जाणारा बचावपटू). जाणकारांनी प्रकाश पाडावा.

हेल्मेटवाला

पोर किती चांगलं आहे हा नंतरचा प्रश्न. आधी त्याची किती वर्षं उरलीत ते बघा.

ड्राफ्टमधून आलेल्याचा पहिला करार चार वर्षांचा. पगार कुठल्या नंबरला निवडला गेला त्यावरून जवळपास ठरलेला, आणि तीन सीझन होईपर्यंत त्याला तो वाढवून मागताही येत नाही. २०११ साली मालक आणि खेळाडू संघटनेचा जो करार झाला तेव्हापासून हे असंच आहे. पहिल्या फेरीतल्यांवर संघाला पाचव्या वर्षाचा हक्क मिळतो, बाकीच्यांवर तोही नाही. म्हणजे लीगमध्ये सगळ्यात मौल्यवान वस्तू कुठली, तर स्वस्तातली वर्षं. सॅलरी कॅप (संघाच्या एकूण पगाराची मर्यादा) २०२५ला २७.९२ कोटी डॉलर होती, ऐकायला भरपूर वाटते, पण एका चांगल्या क्वार्टरबॅकने त्यातले पाच कोटींहून जास्त खाल्ले की बाकीचं घर या स्वस्त वर्षांवरच चालतं.

आता तुमचा तो दोन वर्षं बाकावर बसलेला तिसऱ्या फेरीतला गार्ड घ्या. त्याची दोन वर्षं उरली. त्याच्यासाठी तुम्ही तिसऱ्या फेरीचा पिक दिलात तर स्वस्तातली चार वर्षं देऊन दोन घेतलीत. त्यातलं पहिलं नवीन प्लेबुक (संघाच्या डावपेचांची वही) शिकण्यात जाणार. दुसऱ्या वर्षी चमकला, तर सीझन संपताच बाजारभावाने पैसे मोजा नाहीतर निरोप द्या. नाही चमकला तर पिकही गेला. म्हणून घेणारा पाचव्या-सहाव्या फेरीच्या वर जायला तयार नसतो. आणि पाचव्या-सहाव्याला विकणारा म्हणतो, राहू दे की मग माझ्याकडेच, उद्या कुणाचा गुडघा गेला तर?

ट्रेड होत नाही कारण दोघांचे आकडे एकमेकांना भेटतच नाहीत.

दुसरी मेख साइनिंग बोनसची. बोनस रोख आधी दिला जातो, पण कॅपच्या हिशोबात करारावर सारखा वाटला जातो. पोर विकलं की उरलेला सगळा हिस्सा विकणाऱ्याच्याच कॅपवर येऊन पडतो, त्यालाच डेड मनी म्हणतात. तिसऱ्या-चौथ्या फेरीत ही रक्कम किरकोळ असते. पहिल्या फेरीतल्यात ती बोचते. म्हणजे ज्याला विकणं परवडतं त्याला विकून फार काही मिळत नाही, आणि ज्याचे बरे पैसे येतील तो विकला की कॅपला भोक.

पुणेरी_पट्टी

एवढं डोकं आयपीएलसाठी चालवलंत तर देशाचं भलं होईल.

रविवार_रात्र

पट्टीसाहेब, आयपीएलमध्ये ड्राफ्टच नाही, स्वस्तातली चार वर्षं नाहीत, आणि मोठा लिलाव आला की बहुतेक पत्ते परत पिसले जातात. तिथे बाकावरचा माणूस आहे त्याच किमतीत रोखीने हलतो. अर्जुन तेंडुलकर मुंबईहून लखनौला गेला तो ३० लाखांतच गेला. बदल्यात कुणाला भविष्यातला काही तुकडा तोडून द्यावा लागत नाही. इथे रोख रक्कम हे चलनच नाही, पिक हेच चलन.

हेल्मेटवाला, वर्षांचं गणित पटलं. पण मग ज्याची तीन वर्षं शिल्लक आहेत, म्हणजे एकच सीझन बसलाय, तो तरी विकला जायला हवा ना?

चौथा_डाऊन

तो तर अजिबात नाही. एका वर्षात पोर सोडून दिलं म्हणजे जीएमने (जनरल मॅनेजर, संघ बांधणारा) मालकासमोर कबूल केलं की गेल्या एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये मी चुकलो. असा धीर असलेले जीएम मोजके. आणि समोरच्याने फोन केला की याच्या मनात पहिली शंका: माझ्याकडच्या पोरात याला असं काय दिसलं जे आम्हाला दिसत नाही?

उलट, हा स्वतःहून फोन करून विकायला निघाला तर समोरच्याच्या मनात दुसरी शंका: रोज सरावात बघतोय तरी विकतोय, म्हणजे काहीतरी गडबड आहे. जुनी गाडी घेताना शेजाऱ्याने "एकदम कंडिशन" म्हटलं की आपण बॉनेट उघडून बघतो ना, तसंच. फरक एवढाच की इथे बॉनेट उघडून बघण्याची सोय नाही.

सोय का नाही ते बघा. बाकावरच्या पोराचे तुमच्याकडे व्हिडिओ कुठले? कॉलेजचे. ते ३२ जणांनी ड्राफ्टच्या वेळी पाहिले होते, आणि पाहूनही तिसऱ्या फेरीपर्यंत त्याला हात लावला नव्हता. त्यानंतर फक्त प्रीसीझन (सीझनआधीचे सराव सामने). तेही २०२१पासून चारचे तीनच सामने. त्यात हा उतरणार शेवटच्या दोन क्वार्टरमध्ये, समोर अशी माणसं जी आठवडाभरात संघातून काढली जाणार आहेत. त्यांना त्याने ढकललं तर त्यातून काय कळणार?

सीझन सुरू झाला की सराव तरी बघावा, तर दुसऱ्याचा सराव बघता येत नाही. आणि बघता आला असता तरी बाकावरचा पोर सरावात स्काउट टीमवर असतो, म्हणजे येत्या रविवारच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करत असतो. कार्डावर जे काढलंय ते प्ले चालवायचे. स्वतःच्या संघाची पद्धतसुद्धा त्याच्या अंगात फारशी मुरत नाही. त्यातून रेग्युलर सीझनभरात पूर्ण पॅड घालून फक्त १४ सराव घेता येतात. लाइनमनचा कस पॅड घातल्याशिवाय लागत नाही.

म्हणजे दोन वर्षांत त्याच्याबद्दलची नवीन माहिती जवळपास एकच, ती म्हणजे तो अजून बाकावर आहे. त्याची किंमत अजून घसरायला तेवढी पुरते.

मेघना_सिॲटल

छान चाललाय धागा. आमच्याकडची दोन उदाहरणं टाकते, दोन्ही ग्रीन बेच्या बाकावरची.

पहिलं मॅट हॅसलबेक. १९९८ला सहाव्या फेरीत घेतलेला, पुढे ब्रेट फार्व. फार्व एकही सामना चुकवत नव्हता, त्यामुळे हा पोर क्लिपबोर्ड धरून उभा. २००१मध्ये आमच्या सिॲटल सीहॉक्सनी त्याला आणलं. पहिल्या फेरीतला आपला १०वा नंबर देऊन त्यांचा १७वा घेतला, वर तिसऱ्या फेरीचा एक पिक दिला. पहिल्या वर्षी काही खरं नव्हतं, त्याला बसवून ट्रेंट डिल्फरला खेळवलं होतं. पण २००५च्या सीझनमध्ये त्यानेच सुपर बोलपर्यंत (लीगची अंतिम लढत) नेलं. गंमत म्हणजे त्या १७व्या नंबरावर आम्हाला स्टीव्ह हचिन्सन मिळाला, जो आज हॉल ऑफ फेममध्ये आहे. ग्रीन बेने १०व्यावर जमाल रेनल्ड्स घेतला. तो कोण, असं विचारू नका, तिकडचे लोकही विचारतात.

दुसरं मॅट फ्लिन. १ जानेवारी २०१२, डेट्रॉइटविरुद्ध त्या सीझनचा एकच सामना सुरुवातीपासून मिळाला, त्यात ४८० यार्ड आणि ६ टचडाउन. दोन महिन्यांत करार संपला, आम्ही फ्री एजंट म्हणून घेतला. आणि त्याच वर्षी तिसऱ्या फेरीत आलेल्या रसेल विल्सनने कॅम्पमध्येच त्याची जागा घेतली.

तर प्रश्न असा की दोघेही त्याच बाकावरचे. आधी कळणार कसं?

हेल्मेटवाला

मेघनाताई, हॅसलबेकला ड्राफ्ट झाला तेव्हा ग्रीन बेचा कोच कोण होता? माइक होल्मग्रेन. १९९८चा सीझन संपल्यावर सिॲटलला कोण गेलं? तेच. म्हणजे बॉनेट उघडून बघितलेला माणूसच पलीकडे जाऊन गिऱ्हाईक झाला. प्लेबुकही तेच, त्यामुळे शिकण्यात वर्ष घालवायचा प्रश्न कमी.

माझं निरीक्षण असं की बाकावरच्या पोराचा मोठा ट्रेड जिथे जिथे यशस्वी झाला, तिथे बहुतेक वेळा घेणारा त्या पोराला आधीपासून ओळखत होता. माहिती फायलीतून फिरत नाही, माणसाबरोबर फिरते. सगळ्यात मोठं उदाहरण फार्वच.

१९९१ला अटलांटाने त्याला दुसऱ्या फेरीत, ३३व्या नंबरला घेतलं. त्या वेळी रॉन वुल्फ न्यूयॉर्क जेट्समध्ये होते आणि फार्ववर त्यांचा डोळा होता. जेट्सचा नंबर ३४वा. एका नंबरने हुकला. अटलांटात कोच जेरी ग्लॅनव्हिलना हा पोर डोळ्यासमोर नको होता. त्या सीझनमध्ये त्याने चार पास टाकले, एकही आपल्या माणसाच्या हातात गेला नाही, दोन मात्र समोरच्यांनी पकडले. वर्षभराची एवढी कमाई. तोवर वुल्फ ग्रीन बेचे जीएम झाले होते. १९९२च्या फेब्रुवारीत त्यांनी या पोरासाठी पहिल्या फेरीचा पिक दिला. वैद्यकीय तपासणीत नितंबाच्या हाडाचा दोष निघाला, तरी मागे हटले नाहीत. सप्टेंबरात त्यांचा क्वार्टरबॅक डॉन मॅकाउस्की जखमी झाला, फार्व उतरला, आणि पुढे सोळा सीझन ग्रीन बेला क्वार्टरबॅक शोधावा लागला नाही.

त्या चार पासांवरून कुणी पहिल्या फेरीचा पिक दिला नसता. वुल्फनी जो फार्व विकत घेतला तो कॉलेजात, सदर्न मिसिसिपीत पाहिलेला.

मेघना_सिॲटल

हे पटतंय, पण फ्लिनचं काय? आमचे जीएम जॉन श्नायडर २०१०पर्यंत ग्रीन बेतच होते. तेही त्याला आधीपासून ओळखत होते की. मग?

हेल्मेटवाला

ओळखत होते म्हणूनच फक्त पैसे दिले, पिक दिला नाही. आणि त्याच वसंतात विल्सनही घेतला! ओळख असली की खेळाडू चांगला निघतोच असं नाही, पण किती डाव लावायचा ते कळतं.

बापू७७

सगळं ऐकलं. तुम्ही मंडळी जीएम लोकांना फार हुशार ठरवताय. माझ्या मते निम्मा भाग निव्वळ खुर्चीचा आहे.

ड्राफ्टमधला पोर फुकट गेला तर "काय करणार, ड्राफ्ट म्हणजे जुगारच" म्हणता येतं. शिवाय स्काउट, कोच, मालकाचा मुलगा, सगळे त्या खोलीत होते. दुसऱ्याच्या बाकावरचा माणूस पिक देऊन आणला आणि तो पडला, तर एकट्या जीएमचं नाव. "लोकांनी टाकलेलं उचलून आणलंस" हे वाक्य पेपरात येणारच.

आणि लोक विसरत नाहीत. बफेलोवाल्यांना रॉब जॉन्सन विचारा. १९९७मध्ये जॅक्सनव्हिलचा मुख्य क्वार्टरबॅक मार्क ब्रुनेल जखमी होता म्हणून पहिल्या सामन्यात हा उतरला, झकास खेळला, स्वतःही दुखापत घेऊन बसला. एवढ्या भांडवलावर १९९८ला बफेलोच्या बिल्सनी त्याच्यासाठी पहिल्या फेरीतला ९वा नंबर दिला, वर चौथ्या फेरीचा पिक. जॅक्सनव्हिलने त्या ९व्यावर फ्रेड टेलर घेतला, जो पुढे कारकिर्दीत ११ हजारांहून जास्त यार्ड धावला. इकडे बफेलोत सीझन संपेपर्यंत जॉन्सनऐवजी बुटका डग फ्लूटी खेळत होता आणि लोक त्याच्यावर जीव टाकत होते. बरं, तेवढ्यावर भागलं नाही. २०००च्या जानेवारीत टेनेसीविरुद्ध प्लेऑफला फ्लूटीला बसवून जॉन्सनला उतरवलं आणि बिल्स त्या कुप्रसिद्ध किकऑफ रिटर्नवर हरले. त्यात जॉन्सनचा दोष नव्हता, शेवटच्या मिनिटात त्यानेच आघाडी मिळवून दिली होती. पण बफेलोतल्या माणसाला हे समजवायला जाऊ नका.

केव्हिन कोल्बचंही तेच. २०११ला फिलाडेल्फियाच्या बाकावरून ॲरिझोनाने आणला, बदल्यात प्रो बोलला (लीगचा ऑल-स्टार सामना) निवडला गेलेला एक कॉर्नरबॅक (पास अडवणारा बचावपटू) आणि दुसऱ्या फेरीचा पिक. दोन वर्षांत सोडून दिला.

अशी दोन-तीन प्रकरणं झाली की पुढची वीस वर्षं कुणी त्या वाटेला जात नाही.

चौथा_डाऊन

बापू, खुर्चीचा भाग आहेच. पण खुर्चीची भीती शून्य असलेला जीएमसुद्धा हे कमीच करेल, कारण फुकटात माल मिळण्याच्या वाटा भरपूर आहेत.

कॅम्पमध्ये ९० जण असतात, ऑगस्टअखेरीस ५३ करायचे. ३७ गुणिले ३२, म्हणजे अकराशेहून जास्त खेळाडू एका दिवसात बाहेर. चार वर्षांहून कमी सेवा झालेले वेव्हर्सवर (सोडलेल्यांची यादी, तिथून बाकीचे संघ उचलू शकतात) जातात, गेल्या वर्षी जो संघ सर्वात वाईट त्याला आधी हक्क. पिक द्यायचा नाही, फक्त करार उचलायचा. पोराची जागा डळमळीत आहे असं दिसलं तर शहाणा जीएम फोन न करता त्या कपातीच्या मंगळवारची वाट बघतो. मधे दोन-तीन गरजू संघ वेव्हर्सच्या रांगेत आपल्या पुढे असतील तरच सातव्या फेरीचा पिक देऊन रांग तोडायची.

त्यातूनही सुटलेले प्रॅक्टिस स्क्वॉडवर (सरावापुरता संघ), तिथे सोळा जागा. पण त्यांच्यावर मूळ संघाचा हक्क नाही. कुठलाही दुसरा संघ त्यांना आपल्या ५३मध्ये घेऊ शकतो, फक्त निदान तीन आठवडे ठेवायचं बंधन. पोर उचलण्याची ही तर राजरोस वाट.

विकणाऱ्यालाही थांबण्याचं बक्षीस असतं. करार संपून पोर दुसरीकडे मोठ्या पैशाला गेलं तर लीग भरपाई म्हणून जादा पिक देते, अगदी तिसऱ्या फेरीच्या शेवटापर्यंत. अट अशी की तुम्ही स्वतः बाहेरून तेवढेच फ्री एजंट आणलेले नसावेत. तर मग पाचव्या फेरीच्या पिकासाठी आत्ता का विकायचं? चार वर्षं विमा म्हणून ठेवा, सतरा सामन्यांच्या सीझनमध्ये लाइनवरचे पाचच्या पाच जण शेवटपर्यंत टिकणं ही दुर्मीळ गोष्ट, आणि शेवटी वर पिकही घ्या.

गोंयकार

आमच्या फुटबॉलमध्ये (खऱ्या 😀) याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वी नाही तरी फार आधीच निघालंय: लोन. हॅरी केनला टॉटनहॅमने लेटन ओरिएंट, मिलवॉल, नॉरिच, लेस्टर असं चार ठिकाणी फिरवलं. मालकी आपली, सामने दुसऱ्याचे, अनुभव पोराचा. गोव्यातल्या क्लबांनाही हे नवीन नाही. अमेरिकेत का नाही म्हणे?

हेल्मेटवाला

गोंयकार, कारण खाली दुसरी लीगच नाही. बेसबॉलला मायनर लीग आहे, हॉकीला आहे, इथे कॉलेज हीच नर्सरी, आणि तिथून निघाल्यावर परत जाता येत नाही. आणि त्याच लीगमधल्या प्रतिस्पर्ध्याला आपलं प्लेबुक तोंडपाठ असलेला पोर सहा महिन्यांसाठी कोण उसना देईल?

मात्र एक काळ असा होता. एनएफएल युरोप. २००७ला बंद पडली. सेंट लुई रॅम्सनी १९९८च्या वसंतात कर्ट वॉर्नर नावाच्या पोराला ॲमस्टरडॅमला पाठवलं. ड्राफ्टमध्ये कुणी न घेतलेला, ग्रीन बेने कॅम्पमधून काढलेला, मधे आयोवात किराणा दुकानाच्या फळ्या भरलेला. परत आला तो तिसरा क्वार्टरबॅक म्हणून.

या धाग्याच्या विषयाला धरून खरी गोष्ट पुढे आहे. १९९९च्या फेब्रुवारीत क्लीव्हलँडचा संघ नव्याने उभा राहत होता. त्यासाठी बाकीच्या संघांनी काही खेळाडू उघडे ठेवायचे, त्यातून क्लीव्हलँडने निवडायचे. रॅम्सनी वॉर्नरला उघड्यावर ठेवला. पिक नको, पैसे नकोत, बोट दाखवलं की आपला. क्लीव्हलँडने दाखवलं नाही. ऑगस्टमध्ये ट्रेंट ग्रीनचा गुडघा गेला, वॉर्नर उतरला आणि त्या सीझनचा एमव्हीपी (सर्वात मौल्यवान खेळाडू) झाला, सुपर बोलही जिंकला.

क्लीव्हलँडला हसणं सोपं आहे. पण ज्यांनी त्याला वर्षभर रोज बघितलं त्या रॅम्सनीही त्याला उघड्यावर ठेवलाच होता की.

टेक्सासवाली

उशिरा आले. क्वार्टरबॅक ट्रे लान्सचं नाव अजून कसं नाही निघालं? आम्ही डॅलस काउबॉइजवाले अजून त्यावर भांडतो.

२०२१ला सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सनी त्याला घेण्यासाठी ड्राफ्टच्या तिसऱ्या नंबरापर्यंत चढायला तीन पहिल्या फेरीचे पिक दिले, शिवाय तिसऱ्या फेरीचा एक. लान्सने दोन वर्षांत मिळून चार सामने सुरू केले, २०२२च्या दुसऱ्याच आठवड्यात घोटा मोडला, आणि सीझन संपेपर्यंत ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, २६२वा पोर ब्रॉक पर्डी त्याच्या खुर्चीत. २०२३च्या ऑगस्टमध्ये आमच्याकडे आला, किंमत चौथ्या फेरीचा पिक. बोनसचा बोजा फोर्टीनाइनर्सच्या गळ्यात, आम्हाला फक्त पगार.

कागदावर स्वस्त. पण बघा, पहिलं वर्ष तो एक सामनाही खेळला नाही, कारण पुढे डॅक प्रेस्कॉट आणि कूपर रश. दुसऱ्या वर्षी अगदी शेवटचा सामना सुरू केला. मग करार संपला आणि गेला. एका बाकावरून उठवून दुसऱ्या बाकावर बसवायला आम्ही पिक दिला. घेणाऱ्याकडे खेळवायला जागा नसेल तर ट्रेडला अर्थ काय, हे मला आजवर कुणी नीट सांगितलेलं नाही.

बापू७७

सांगण्यासारखं काही नाहीये ताई, मालकाला हौस आली.

लाइनवरचा

सगळे क्वार्टरबॅकवरच घसरलात म्हणून लिहितो. क्वार्टरबॅकचा बाजार वेगळाच असतो. एकच जागा, ती भरली की दुसरा कितीही चांगला असला तरी बसणार. म्हणून तिथे खरोखर गुणी माणूस अडकून पडू शकतो. ॲरन रॉजर्स तीन वर्षं बसला, जॉर्डन लव्हही तीन वर्षं. बाकी जागांवर पोर खरंच चांगलं असेल तर कोच त्याला कुठे ना कुठे घुसवतोच. कॉर्नर असेल तर स्लॉटवर, टॅकल असेल तर गार्डला. दोन वर्षांत कुठेच घुसवला नाही याचाच अर्थ बाहेरचे संघ काढतात. कधीकधी तो चुकीचा असतो, कारण त्या कोचची पद्धत आणि त्या पोराचं शरीर जमत नसतं.

लेकन टॉमलिन्सन बघा. २०१५ला डेट्रॉइटने पहिल्या फेरीत घेतलेला गार्ड. दोन वर्षांत मनातून उतरला. २०१७च्या ऑगस्टमध्ये फोर्टीनाइनर्सनी पाचव्या फेरीच्या पिकात उचलला, तोही दोन वर्षं पुढचा, २०१९चा. त्यांचा कोच काइल शॅनाहनच्या पद्धतीत लाइन एकत्र आडवी सरकते, समोरच्याला जागेवर उभं राहून ढकलायची वेळ कमी येते. तिथे हा बसला, चार सीझन सलग उतरला, पाचव्यात प्रो बोल. यावर एका ओळीचीही बातमी झाली नव्हती. तुमचे ट्रेड होतात हो, फक्त ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, सहाव्या-सातव्या फेरीच्या भावात, आणि गार्ड-टॅकलचे. टीव्हीवर कोण दाखवणार?

आणखी एक. माहिती नाही हा जो मुद्दा वर आला, त्यावर बाजाराने तोडगाही काढलाय: अटी घातलेला पिक. खेळला तर वरच्या फेरीचा, नाही खेळला तर खालच्या. जस्टिन फील्ड्स काही बाकावरचा नव्हता, पण २०२४ला शिकागोने पिट्सबर्गला दिला तेव्हा हेच केलं: सहाव्या फेरीचा पिक, ५१ टक्के स्नॅप (म्हणजे प्ले) खेळला तर चौथ्या फेरीचा. सहा सामन्यांनंतर रसेल विल्सन आला, सहावाच राहिला. बाकावरच्यांच्या बाबतीत तर "५३मध्ये अमुक आठवडे राहिला तरच पिक, नाहीतर काहीच नाही" इथपर्यंत अटी असतात. शिकागोची धोक्याची बाजू कमी झाली, पिट्सबर्गची पण.

रविवार_रात्र

लाइनवरचा, जबरदस्त. म्हणजे माझा प्रश्न "होत का नाही" असा नसून "वरच्या भावात होत का नाही" असा असायला हवा.

मग क्वार्टरबॅक मॅलिक विलिस कुठे बसवायचा? २०२२ला टेनेसीने तिसऱ्या फेरीत घेतला, पुढच्या वर्षी लगेच त्याच जागेसाठी विल लेव्हिस आणला, हा मागे. २०२४च्या ऑगस्टअखेर ग्रीन बेने सातव्या फेरीच्या पिकात घेतला. हेल्मेटवाला म्हणतात तशी जुनी ओळख काही दिसत नाही. पहिल्याच सामन्यात ग्रीन बेचा मुख्य क्वार्टरबॅक लव्ह जखमी झाला. विलिसला येऊन तीन आठवडेही झाले नव्हते. त्याने इंडियानापोलिसला हरवलं, पुढच्या रविवारी खुद्द टेनेसीला त्यांच्याच मैदानावर ३०-१४.

हेल्मेटवाला

विलिस माझ्या ओळखीच्या सिद्धांतात बसत नाही, मान्य. वर्षांच्या गणितात बरोबर बसतो. दोन सीझन उरलेले, किंमत सातवी फेरी. सातव्या फेरीतला नवा पोर तसाही निम्म्या वेळा कॅम्पमध्येच गळतो, त्यामुळे ग्रीन बेने गमावलं काहीच नाही. आणि इंडियानापोलिसच्या सामन्यात ग्रीन बेचा कोच मॅट लाफ्लरने काय केलं ते आठवा. पास फक्त १४, बाकी चेंडू हातात देऊन पळवत राहिले. तीन आठवड्यांत प्लेबुकची जेवढी पानं पोराला पाठ झाली तेवढीच उघडली. असा कोच असेल तर बाकावरचा पोर घेण्यात अर्थ आहे. बहुतेक ठिकाणी उलटं असतं, पोराने पहिल्या दिवसापासून सगळं पुस्तक म्हणून दाखवायचं.

चौथा_डाऊन

आणि टेनेसीनेही काही मूर्खपणा केला नाही. त्यांच्याकडे लेव्हिस, वर मेसन रुडॉल्फ. ५३मध्ये तिसऱ्या क्वार्टरबॅकला जागा ठेवायची नव्हती, तर दोन दिवसांत वेव्हर्सवर जाणारच होता. फुकट जाण्याऐवजी सातवी फेरी मिळाली. ग्रीन बे वेव्हर्सच्या रांगेत बरंच मागे होतं, म्हणून त्यांनी दिली. मघाशी म्हटलं ते रांग तोडणं हेच.

टेक्सासवाली

मग आमच्यापेक्षा तीन फेऱ्या स्वस्त, दोन सामने जिंकून दिले, आणि तो टेनेसीला हरवून आला. मला हा धागा वाचायलाच नको होता.

बापू७७

ताई, बफेलोच्या धाग्यावर या. तिथे अजून १९९८ चालू आहे.